मुकादमाच्या वहीतले वीस हजार

डिसेंबर २०२४ मधला एक रविवार. दुपारी एकच्या सुमाराला साखरशाळेतल्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेतल्या, बाईंचा फोन आला. बीड जिल्ह्यातून मुकादमाने (मजुरांच्या ठेकेदाराने) आणलेल्या ऊसतोड टोळीतला एक माणूस सकाळी उसाच्या फडात मोळी उचलता उचलता छाती धरून खाली बसला होता. एकशेआठच्या गाडीने त्याला उपजिल्हा रुग्णालयात नेलं. तिथे ईसीजी काढला, हार्ट अ‍ॅटॅक आहे म्हणाले, गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि पुढे पाठवलं. आता तो कोल्हापूर जिल्ह्यातल्याच एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीसीयूत, हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात, होता.

"पैशाची काळजी नाही ताई," बाई म्हणाल्या. "मुकादमाने वीस हजार भरलेत."

काळजी तिथेच होती. अशा पेशंटना सरकारी आरोग्य योजनेतून मोफत उपचार मिळवून द्यायला मदत करणं हे माझं काम. मी गाडीला किक मारली.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण असं की यात काहीच विशेष नाही. माणूस योजनेत बसत होता, आजार योजनेत बसत होता, हॉस्पिटल योजनेच्या यादीत होतं. तरीही पाच दिवस आम्ही पळत होतो. नावं, गाव, हॉस्पिटल मुद्दाम गाळलं आहे. पेशंटला मी काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू, आणि इथेही तसंच लिहिते.

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं आणि २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून चालते. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते पाच लाख झालं. पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती असलेली योजना पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना खुली करायचा निर्णय जुलै २०२३ चा, अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून. काकांचं कार्ड केशरी. म्हणजे जुन्या नियमानेही ते आत होते, नव्यानेही. शिवाय राज्याची योजना असल्याने कार्ड बीडचं आणि हॉस्पिटल कोल्हापूरकडचं, याने काही बिघडत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. काउंटरवरच्या मुलालाही ठाऊक असावं. काकूंना नव्हतं.

अंगठा कशावर घेतला

काकू आयसीसीयूच्या बाहेर जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. पायात फडातलीच माती. शेजारी मुकादम, हातात फाइल. मी हॉस्पिटलशी भांडायला सुरुवात करत नाही, आधी घरच्यांनी कशाकशावर सह्या केल्यात ते बघते. मुकादमाने फाइल उघडली. भरती फॉर्मवर 'पेमेंटचा प्रकार' या ओळीत 'रोख' समोर बरोबरची खूण होती. त्याच्या मागच्या पानावर छापील मजकूर: 'मला शासकीय योजनेची माहिती देण्यात आली असून मी स्वखुशीने स्वखर्चाने उपचार घेत आहे.' खाली काकूंचा डावा अंगठा. शाई अजून बोटावर होती.

"काकू, यात काय लिहिलंय सांगितलं का कुणी?"

"त्यांनी इचारलं कार्ड हाय का. म्या म्हनलं कार्ड गावाकडं, पेटीत. मग म्हनले हितं अंगठा द्या, न्हायतर माणूस आत घेता येत न्हाई."

मुकादम मधेच म्हणाला, "मॅडम, माणूस वाचला पाहिजे. हिशोब नंतर होतोय की."

त्याचं खोटं नव्हतं. टोळीतला माणूस गेला तर तो गावात तोंड दाखवू शकत नाही. पण त्या 'नंतर'चा अर्थ तळावरच्या प्रत्येकाला कळतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते आणि ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. न फिटलेली बाकी पुढच्या वर्षीच्या खात्यावर चढते. दवाखान्याचा खर्चही त्याच वहीत जातो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला ३६६ रुपये झाले. धडधाकट जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. वीस हजार म्हणजे ५५ टनांच्या आसपास, म्हणजे पुरा महिनाभर दोघांनी फुकट राबायचं. इथे तर जोडीतला एक जण आयसीसीयूत होता.

काकूंना खासगी दवाखान्याची धास्ती होती ती वेगळीच. काही वर्षांपूर्वी त्यांची 'पिशवी' काढली होती, पैसे उचलीतून घेतले होते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रकारांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने चौकशी केली. काकूंना समितीबिमिती माहीत नव्हती. पैसे फेडायला तीन हंगाम लागले, एवढं पक्कं लक्षात होतं.

पेटी, पदर आणि रेशन दुकानदार

इंजेक्शन लागू पडलं होतं, ईसीजी सुधारला होता. अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी सकाळी करू, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे हातात साधारण अठरा तास. आणीबाणीत फोनवरून कळवून आगाऊ मंजुरी घ्यायची आणि कागद नंतर मुदतीत द्यायचे, अशीही सोय योजनेत आहे. पण ती मागणी हॉस्पिटलकडून जावी लागते आणि हॉस्पिटलच्या लेखी हा पेशंट रोखीचा होता. आधी ती खूण पुसायला हवी होती.

मी दोन ओळींचा अर्ज लिहिला. भरतीच्या वेळी कार्ड सोबत नव्हतं, पेशंट केशरी कार्डधारक आहे, उपचार योजनेतून हवेत, आधी दिलेली स्वखर्चाची संमती मागे घेत आहोत. काकूंना तो वाचून दाखवला, मग अंगठा. दोन प्रती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "रविवारी आवक बंद असते, पोच मिळणार नाही." मी म्हटलं, "पैशांची आवक सकाळी चालू होती ना?" याने काम होत नाही, उलट बिघडतं, हे मला आठ वर्षांत कळायला हवं होतं. त्याचा चेहरा बंद झाला. शेवटी ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी कागदावर वेळ टाकून सही दिली: दुपारी ३.५०. या एका सहीवर पुढचं सगळं प्रकरण उभं राहिलं.

त्याच वेळी योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली. तक्रारीचा क्रमांक फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवला. हे आम्ही मुद्दाम करतो. फाइल ज्याच्या हातात जाईल त्याला तो दिसतो.

आता कागद. कार्ड गावात पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली म्हाताऱ्या सासूच्या पदराला. शेजारच्या कॉलेजातल्या पोराला फोन लावला. म्हातारी किल्ली देईना. तिला वाटलं, लेक गेला आणि लोक कागद गोळा करायला आलेत. काकूंनी फोनवरून पाच मिनिटं समजावलं तेव्हा पेटी उघडली. पोराने पाठवलेल्या पहिल्या फोटोत निम्म्या पानावर त्याचाच अंगठा होता. दुसऱ्यात फ्लॅशची चकाकी. तिसऱ्या खेपेला नावांचं पान नीट आलं.

कार्ड जुनं, वहीसारखं. त्यावर बारा अंकी ऑनलाइन नंबर नव्हता आणि नोंदणीला तोच लागतो. यावर आमच्याकडे एक उपाय आहे: रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनमधून निघणारी पावती. त्यावर तो नंबर असतो. पोरगा दुकानदाराच्या घरी गेला, दुकानदार जेवायला बसला होता, पण उठला. त्या माणसाचे आभार मानायचे राहिलेच.

नंबर टाकून कार्ड उघडलं आणि नवी पंचाईत. कार्डावर काकांचं घरात हाक मारायचं नाव होतं, आधारवर शाळेतलं. नामदेवचा नामा व्हावा तसा प्रकार. आडनाव तेच, बापाचं नाव तेच, पण संगणकाला दोन माणसं दिसली. हॉस्पिटलात योजनेची नोंदणी करणारा आरोग्यमित्र पाचला आला. रविवारची सुट्टी होती, तरी बोलावल्यावर आला. पंचविशीतला पोरगा, लॅपटॉपची बॅटरी टेकीला आलेली. तो म्हणाला, "ताई, नाव जुळत नाही. तहसीलदाराचं पत्र आणा, नाहीतर प्रतिज्ञापत्र करा." तहसील साडेतीनशे किलोमीटर लांब.

आरोग्यमित्राविषयी एक सांगते. लोक त्याला योजनेचा साहेब समजतात आणि काम अडलं की त्यालाच शिव्या देतात. त्याच्या हातात नोंदणी करणं आहे, वाट दाखवणं आहे. हॉस्पिटलला तो हुकूम देऊ शकत नाही. बसतोही त्यांच्याच कोपऱ्यातल्या टेबलाशी. त्याला अडचणीत न टाकता काम काढायचं असतं.

"ओळखपत्र आधारच हवं असं आहे का?" मी विचारलं. त्याने थोडा विचार केला. योजनेच्या यादीत मतदार ओळखपत्रही चालतं. पुन्हा पेटी, पुन्हा म्हातारी. मतदार कार्डावर घरचंच नाव निघालं, रेशन कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळणारं, वर फोटो. काकूंच्या आधार कार्डावर नवऱ्याचं नावही तेच छापलेलं. तीन कागद एका बाजूला आणि काकांचं आधार एकटं दुसऱ्या बाजूला. नोंदणी झाली.

पेशंटचा खाटेवरचा फोटो लागतो. त्यासाठी ऑक्सिजनचा मास्क दोन सेकंद बाजूला करायला सिस्टर तयार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. मॉनिटरकडे बघत बघत त्यांनीच शेवटी मास्क वर उचलला, "एक… दोन… झालं?" म्हणाल्या आणि लगेच खाली ठेवला. काकांनी डोळे उघडून काकूंना विचारलं, "किती भरलं?"

साधा स्टेंट आणि चांगला स्टेंट

सोमवारी सकाळी आठला काउंटरवरून निरोप आला: अँजिओग्राफीचे बारा हजार रोख, कारण 'नुसती तपासणी योजनेत नाही'. ही ओळ मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पाठ आहे. ती अर्धी खरी असते म्हणून चालून जाते. नुसती अँजिओग्राफी करून पेशंट घरी गेला तर वाद होऊ शकतो. पण त्याच भरतीत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी उघडणं) होणार असेल तर तपासणी पॅकेजच्या पोटातच आहे. केंद्राच्या पॅकेज यादीत तर या उपचाराचं नावच निदानाच्या अँजिओग्राफीसह अँजिओप्लास्टी असं दिलेलं आहे.

मी योजनेच्या जिल्हा समन्वयकांना फोन केला. तक्रार क्रमांक सांगितला, पोचेची वेळ सांगितली. ते हॉस्पिटलच्या मेडकोशी बोलले. मेडको म्हणजे योजनेचं काम बघणारे हॉस्पिटलचे डॉक्टर. वीस मिनिटांत बारा हजारांची मागणी विरली, कुणी काही बोललं नाही. अँजिओग्राफी झाली. एक मोठी रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद. सीडी आणि अहवाल अपलोड होऊन पूर्वमंजुरीची मागणी गेली.

मग दुपारी समुपदेशक म्हणून बसलेल्या बाईंनी काकूंना केबिनमध्ये बोलावलं. योजनेतून मिळतो तो साधा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी), चांगला हवा असेल तर वरचा फरक साठ हजार. "बघा, पुन्हा बंद पडला तर आम्हाला म्हणू नका." काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मुकादमाने फोन बाहेर काढला होता.

या क्षणाला काकूंशी वाद घालण्यात अर्थ नसतो. नवऱ्याच्या जिवापुढे कुठलीही बाई 'साधा चालेल' म्हणणार नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. मी मुकादमाला म्हटलं, फोन खिशात ठेवा, पंधरा मिनिटं द्या. आणि काकूंना घेऊन कॅथलॅबच्या दारात डॉक्टरांची वाट बघत उभी राहिले. डॉक्टर आले. मी एकच प्रश्न विचारला, काकूंना ऐकू जाईल असा: "सर, योजनेत यांना कुठला स्टेंट पडणार? औषध लावलेला ना?"

"हो, मग? सगळ्यांना तोच टाकतो आपण," म्हणाले आणि आत गेले.

'चांगला' म्हणजे औषध लावलेलाच, आणि तो योजनेतच होता. साठ हजारांचा विषय तिथे संपला. स्टेंटच्या किमतीवर केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. पुढच्या वर्षी ती थोडी उतरली, नंतर वाढत गेली, पण नुसता 'वरचा फरक' साठ हजार कशाचा, हे त्या केबिनमध्ये कुणी सांगू शकलं नसतं. डॉक्टरांना केबिनमध्ये काय चालतं ते माहीत नव्हतं की होतं, मी सांगू शकत नाही. माझा अनुभव असा आहे की पैशाचा प्रश्न काउंटरवर विचारला तर एक उत्तर येतं, आणि तोच प्रश्न उपचाराचा करून डॉक्टरांना विचारला तर दुसरं.

पूर्वमंजुरीत एक शंका निघाली, नावाचीच. मतदार कार्ड आणि काकूंचं आधार पुन्हा जोडून उत्तर गेलं आणि संध्याकाळी मंजुरी आली. मंगळवारी सकाळी स्टेंट बसला. पाकिटावरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलेलं होतं. त्याचा फोटो मी काढून ठेवला. आत काय बसवलं याचा पुरावा तो एवढाच.

हॉस्पिटलची बाजूही लिहिते, कारण ती खोटी नाही. पॅकेजचे दर कमी वाटतात आणि केलेल्या कामाचे पैसे यायला महिनोन् महिने लागतात, अशी तक्रार हॉस्पिटलवाले सतत करतात. रोखीचा पेशंट त्याच दिवशी पैसे देतो. त्यामुळे काउंटरवरचा कल रोखीकडे जाणारच. पण मग यादीत नाव ठेवून दारावर योजनेचा फलक लावायचा नाही. फलक लावायचा आणि आत आल्यावर छापील कागदावर अंगठा घ्यायचा, याला मी अडचण म्हणत नाही.

परतावा

गुरुवारी डिस्चार्ज. योजनेतल्या पेशंटकडून घेतलेले पैसे परत करायला हवेत, हे हॉस्पिटलने मान्य केलं, पण वीस हजारांतले ५,८४० कापून. 'नोंदणीपूर्वीची औषधं.' रविवारी सकाळी औषधांच्या दुकानातून आणवलेल्या वस्तूंचं बिल होतं ते: इंजेक्शनं, सलाईनचा सेट, हातमोजे. भरती तीच, आजार तोच, खाटही तीच. तरी दुपारी ३.५० च्या आधीचे हातमोजे रोखीचे आणि नंतरचे योजनेचे. मी ते मान्य केलं नाही, वेगळी तक्रार टाकली. तिला उत्तर आलं की पेशंटची नोंदणी नंतर झाली होती. त्यावर पुन्हा लिहिलं आहे, भरतीच्या कागदाची प्रत जोडून.

उरलेले १४,१६० कुणाला द्यायचे, हा प्रश्न मला सुचला नव्हता. पावती काकांच्या नावाची होती, पण पैसे मुकादमाच्या फोनवरून गेले होते. हॉस्पिटल म्हणालं, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातील. नियम म्हणून ठीक. पण मुकादमाच्या खात्यात पैसे आले म्हणजे वहीतून उतरले असं होत नाही. काकू लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत, वही मुकादमाच्या पिशवीत. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये 'रक्कम परत' असं लिहून प्रकरण बंद झालं असतं आणि वीस हजार पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथेच राहिले असते.

म्हणून शनिवारी मी तळावर गेले. साखरशाळेतल्या बाईही आल्या. काका कोपीच्या (झोपडीच्या) दारात बाजेवर बसले होते, अंगावर शाल, समोर बैलांपुढे उसाच्या वाढ्यांचा ढीग. चार-सहा आठवडे कष्टाचं काम नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकू सकाळी दिराच्या जोडीबरोबर फडात जाऊन आल्या होत्या. आता त्या अर्धा कोयता. बुडालेल्या मजुरीसाठी या योजनेत काही नाही.

मुकादमाने वही काढली. लाल पुठ्ठ्याची, लांबट. काकांच्या नावाचं पान. उचलीच्या खाली, 'दवाखाना २०,०००'. मी परताव्याचा मेसेज त्याच्याच फोनवर उघडून दाखवला, बाईंनी तो काकूंना वाचून दाखवला. त्याने कां-कू केलं नाही. वीस हजारांवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी ५,८४० लिहिलं. "हे आलं की हेबी खोडतो," म्हणाला. मी पानाचा फोटो काढला. त्याला ते आवडलं नाही, पण काही बोलला नाही.

निघताना मी गोळ्यांची चिठ्ठी काकूंना समजावत होते. डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधं योजनेतून मिळतात, ती पिशवीत होती. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, स्टेंट बंद पडतो.

"किती दिस घ्यायच्या?"

"वर्षभर तरी. एक गोळी जन्मभर."

"मग अकराव्या दिसापासनं?"

जेनेरिक नावं चिठ्ठीच्या मागे लिहून दिली. जनऔषधी दुकान शहरात आहे, तळापासून बावीस किलोमीटर. काकूंनी हिशोब केला असावा. जायचं म्हणजे एक खाडा. मुकादम म्हणाला, मी गुरुवारी शहरात जातो, आणून देतो महिन्याच्या महिन्याला. मग खिशातलं पेन काढून त्याने वही पुन्हा मांडीवर घेतली.